आकडे होते, माणूस कुठे होता?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका डिझायनर मित्राला मोठ्या कौतुकाने एक्सेल फाईल पाठवली. माणसांच्या शरीराची मापं, सरासरी, प्रमाण विचलन, सगळं त्यात होतं. त्याचा फोन आला, "अरे, मग खुर्ची किती उंच करू ते सांग ना!" मला सांगता येईना. तेव्हापासून या विषयाचा इतिहास वाचतोय.

१९५० साली अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. तोवर कॉकपिट 'सरासरी' वैमानिकासाठी बेतलं जायचं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने दहा मापं निवडली आणि प्रत्येकात मधल्या ३० टक्क्यांत येणारा तो सरासरी, असं धरलं. दहाही मापांत बसणारे किती? एकही नाही! गणित करून बघा. मापं परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर ०.३ चा दहावा घात म्हणजे दहा लाखांत जेमतेम सहा जण. प्रत्यक्षात मापांचा एकमेकांशी संबंध असतो, तरीही उत्तर शून्यच आलं. म्हणजे सीट एका मापाची करून भागणार नव्हतं, ती मागेपुढे सरकायला हवी होती.

पण अहवाल काही ड्रॉइंग बोर्डवर ठेवून वापरता येत नाही. ही अडचण हेन्री ड्रायफसने ओळखली. बेलचे टेलिफोन डिझाइन करणारा हा माणूस. १९५५ च्या पुस्तकात त्याने 'जो' आणि 'जोसेफिन' ही जोडी आणली आणि १९६० मध्ये मापांचे तक्तेच छापले. आकडे आता आकृतीवर, हात किती लांब पोचतो त्या जागीच लिहिलेले होते. लहान चणीचा, मध्यम आणि मोठा, असे तिन्ही समोर. डिझायनरला कोष्टकात शोधत बसायला नको.

तरी 'जो' अमेरिकी होता. आपल्याकडे देबकुमार चक्रवर्तींनी भारतीयांच्या मापांचं पुस्तक तयार केलं. अहमदाबादच्या एनआयडीने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, यातून मी एक सवय लावून घेतली आहे. माहिती गोळा करण्याआधीच विचारायचं: ही कोण वापरणार, आणि कोणता निर्णय घेताना? मित्राला दुसऱ्यांदा मी फाईल पाठवली नाही. बुटक्या आणि उंच माणसाची गुडघ्यामागची उंची दाखवणारं एक चित्र पाठवलं. त्याचा फोन आला नाही, थेट खुर्चीचं स्केच आलं.