किनारा दिसतो, उतरता येत नाही

आजकाल वर्तमानपत्रांतून सागरी सहलींच्या जाहिराती दिसतात. पाच-सहा दिवसांची सहल, वाटेत दोन-तीन बंदरे, जहाजावर खाणेपिणे आणि करमणूक. अशा सहली वारंवार करणारे काही प्रवासी बंदर आले तरी खाली उतरत नाहीत म्हणे. बाकीची मंडळी गाव पाहायला गेली की जहाज शांत होते, आणि हे रिकाम्या डेकवर खुर्ची टाकून बसतात. किनारा समोर असून न उतरणे ही त्यांची हौस आहे.

हे वाचले की मला आमच्या सांगोल्याच्या घरातली पत्र्याची पेटी आठवते. आजोबांनी ती हजला नेली होती. सांगोल्याचा माणूस म्हणजे दुष्काळी माणूस. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी, पाणी म्हणजे विहिरीचे किंवा टँकरचे. अशा मुलखातल्या माणसाने आयुष्यात एकदाच एवढे पाणी पाहिले, तेही जहाजाच्या कठड्यावरून. आम्ही पोरे विचारायचो, "वाटेत कुठकुठली गावे पाहिली?" आजोबा हसून म्हणायचे, "किनारा दिखता था बेटा, उतरने कू नै मिलता था."

या एका वाक्यात आपल्या समाजाचा एक न लिहिलेला इतिहास दडलेला आहे. हजवरून आलेल्या माणसाला आपण मक्का-मदिनेबद्दल विचारतो, जमजम आणि खजूर मागतो. जहाजावरच्या दिवसांबद्दल फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक पाहता समुद्रमार्गे हज करणाऱ्या पिढ्यांच्या प्रवासाचा मोठा भाग जहाजावरच्या मुक्कामाचा होता. हा मुक्काम हौसेचा नव्हता. बंदरात कोणी उतरायचे आणि कोणी नाही, हे दुसरेच कोणी ठरवत असे.

बार्शी लाईट ते मुंबईची गोदी

सांगोल्याहून मक्केची वाट आधी आगगाडीने सुरू होई. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला १९०६ मध्ये पोचली आणि १९२७ मध्ये तीच लाईन सांगोल्यावरून मिरजेपर्यंत गेली. विठ्ठलाच्या वारकऱ्यांना पंढरपूरला आणणाऱ्या त्याच गाडीने आमचे हाजी कुर्डुवाडीला जात आणि तिथून मुंबईची मोठी गाडी धरत. निरोप द्यायला सगळे गाव स्टेशनवर लोटे आणि त्यात केवळ मुसलमानच नसत. परत येईल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाचा निरोप तो! देणी-घेणी मिटवून, सगळ्यांकडून माफी मागूनच माणूस गाडीत बसे.

मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी जहाजाची वाट पाहत दिवस काढायचे. मग गोदी आणि मुघल लाईनचे जहाज. १८७७ साली 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' म्हणून सुरू झालेली ही कंपनी पुढे मुघल लाईन याच नावाने घरोघरी ठाऊक झाली. मुंबई ते जिद्दा हे अंतर सुमारे २३०० सागरी मैलांचे. जुन्या बोटींना त्यासाठी दहा ते पंधरा दिवस लागत. वाटेत एडनसारखे बंदर लागे, त्याचे दिवे दिसत, उघडे काळे डोंगर दिसत. डेकच्या प्रवाशाला मात्र ते लांबूनच पाहायचे असे.

पटकीची भीती आणि पिवळे निशाण

ही बंदी आली कुठून? १८६५ च्या हजमध्ये पटकीची भयंकर साथ आली. हजारो यात्रेकरू मक्केतच मरण पावले आणि परतणाऱ्यांबरोबर साथ इजिप्तमार्गे युरोपात शिरली. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणारा हाजी हा युरोपच्या दृष्टीने रोगाचा वाहक ठरला. साथ खरी होती, माणसे खरीच मरत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तपासणीचा जाच सर्वांना सारखा नव्हता. त्याच समुद्रातून जाणाऱ्या आगबोटीतला वरच्या वर्गाचा गोरा उतारू आणि डेकवरचा गरीब हाजी यांना एकाच मापाने मोजले जात नव्हते.

१८८२ मध्ये उस्मानी सरकारने येमेनच्या किनाऱ्याजवळील कामरान बेटावर क्वारंटाइन सुरू केले. दक्षिणेकडून लाल समुद्रात शिरणाऱ्या हाजींच्या जहाजाला तिथे थांबावे लागे. गंमत अशी की, ज्यांना एडनच्या बंदरात उतरायचे असे त्यांना उतरू देत नसत आणि ज्यांना कामरानला उतरायचे नसे त्यांना सक्तीने उतरवत. कपड्यांना वाफेचे भपकारे द्यायचे, अंग धुवायचे, शुल्क भरायचे आणि जहाजावर रोगी आढळला तर मुक्काम वाढवून घ्यायचा. पडद्यातल्या बायकांची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, इंग्रजांनी कामरान घेतले, तरी क्वारंटाइन चालूच राहिले.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ मध्ये सरकारने मुंबईहून हजला जाणेच थांबवले. त्या वर्षी पै-पै साठवून बसलेल्या कितीतरी माणसांना जहाजात चढताच आले नाही.

डेकवरचे गाव

पण माणूस जिथे राहील तिथे गाव वसवतो. पूर्वी हाजी आपला शिधा बरोबर नेत आणि डेकवरच चुली मांडत. विजापूरकर, कोकणी, माळवी, बंगाली अशी परस्परांची भाषा न समजणारी माणसे शेजारी येत. कोणी कुराण पढवी, कोणी आजाऱ्याचे पाय दाबी, कोणी समुद्र लागलेल्या म्हातारीला लिंबू देई. ज्याला सांगोल्याबाहेर कोणी ओळखत नव्हते तो चार दिवसांत सगळ्या डेकचा चाचा होई.

या मुक्कामात एक गोष्ट घडे, तिचा विचार मला नेहमी थक्क करतो. सांगोल्यात आपण नमाजला पश्चिमेकडे तोंड करतो. लहानपणापासून किब्ला म्हणजे मावळतीची दिशा. जहाज एडनवरून बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरले की मक्का जवळजवळ उत्तरेला येते. जिद्द्याच्या बंदरात पोचले की किब्ला थेट पूर्वेला! जन्मभर मावळतीकडे झुकणारा माणूस जहाजातून एक पाऊलही न उतरता उगवतीकडे तोंड करून नमाज पढू लागे. दिशा नव्हे, केंद्र महत्त्वाचे, हे त्याला कोणत्याही किताबाशिवाय समजत असे.

दुसरी गोष्ट यलमलमची. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांची मीकात ती. तिची रेषा जवळ आली की जहाजाचा भोंगा वाजे. माणसे गुसल करून दोन पांढऱ्या वस्त्रांत येत आणि डेकभर 'लब्बैक'चा आवाज घुमे. वस्त्रे बदलली की जमीनदार कोण आणि कुळवाडी कोण हे कळेनासे होई. म्हणजे हरमकडे जाण्याचा हा पहिला उंबरठा आपल्या पूर्वजांनी जमिनीला पाय न लावता, डेकवरच ओलांडला. ज्या जहाजावर त्यांना कोंडून ठेवले होते, तेच त्यांच्या इबादतीची जागा झाले.

जिद्द्यालाही लगेच सुटका नसे. बंदराच्या तोंडाशी पोवळ्यांचे खडक असल्याने मोठी जहाजे दूर नांगर टाकीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर धक्का होईपर्यंत हाजी सांबुक नावाच्या शिडाच्या होड्यांतून किनाऱ्याला जात. आपली पाळी येईपर्यंत समोरच्या जिद्द्याकडे पाहत बसायचे. आणि काहींची पाळी कधी येतच नसे. वाटेत कोणी गेले तर जनाजाची नमाज डेकवर होई आणि कफनातला देह समुद्राच्या हवाली केला जाई. त्यांच्यासाठी जहाज हेच शेवटचे बंदर ठरले.

जहाज न सोडणारे

न उतरण्याचा आणखी एक अर्थ आहे. १८८० साली 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगहून सुमारे साडेनऊशे हाजींना घेऊन निघाली. ऑगस्टमध्ये आफ्रिकेच्या गार्डाफुई भूशिराजवळ वादळात तिच्यात पाणी शिरू लागले. रात्री कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले आणि एडनला पोचल्यावर जहाज बुडाल्याचे सांगून मोकळे झाले. हाजींनी मात्र पाणी उपसत जहाज तरते ठेवले. पुढे दुसऱ्या आगबोटीने 'जेद्दा'ला ओढत एडनला आणले तेव्हा त्या अधिकाऱ्यांचे बिंग फुटले. जोसेफ कॉन्रॅडची 'लॉर्ड जिम' ही गाजलेली कादंबरी या घटनेवर बेतलेली आहे. कादंबरी पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनाची आहे. जहाज वाचवणाऱ्या हाजींच्या मनाची कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही.

दुसरा प्रसंग दर्बानचा. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईहून 'कूरलँड' आणि 'नादेरी' ही जहाजे दक्षिण आफ्रिकेला निघाली. 'कूरलँड' दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या पेढीची आणि 'नादेरी'ची एजन्सीही त्यांच्याकडेच. दोन्ही मिळून सुमारे ८०० उतारू. 'कूरलँड'वर मोहनदास गांधी नावाचा तरुण वकील सहकुटुंब होता. १८ डिसेंबरला जहाजे दर्बानला पोचली आणि मुंबईच्या प्लेगचे कारण सांगून त्यांना बंदराबाहेर अडकवण्यात आले. खरे कारण वेगळे होते. हिंदी माणसे येऊच नयेत म्हणून तिथल्या गोऱ्यांनी सभा घेऊन धमक्या सुरू केल्या होत्या. परत गेलात तर भाडे मिळेल, नाहीतर समुद्रात ढकलू, असे निरोप जहाजावर येत होते.

माणसे परत गेली नाहीत. आम्हाला उतरण्याचा हक्क आहे आणि तो मिळेपर्यंत आम्ही इथेच राहू, हे त्यांचे उत्तर होते. शेवटी १३ जानेवारी १८९७ रोजी उतारू उतरले. गांधींवर त्या दिवशी रस्त्यात हल्ला झाला ही हकिकत सर्वांना माहीत आहे. परंतु त्याआधी ८०० साध्या उतारूंनी तीन आठवड्यांहून अधिक काळ जहाजावर बसून धीर धरला, हे सहसा सांगितले जात नाही. त्याला आपल्या भाषेत सब्र म्हणतात. सत्याग्रह हा शब्द त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आला.

सब्राला नेहमीच यश येते असेही नाही. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू'वरचे ३७६ हिंदी उतारू व्हँकुव्हरसमोर दोन महिने अडकून पडले. बहुसंख्य शीख, त्यांच्याबरोबर २४ मुसलमान आणि १२ हिंदू. मोजकी माणसे सोडता कोणालाही उतरू दिले नाही. परत आल्यावर बजबजला त्यांच्यावर गोळ्या चालल्या.

पुन्हा एकदा

हे सारे जुने झाले असे वाटत असतानाच फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे सहलीचे जहाज करोनामुळे अडकले. त्यावर ३७११ माणसे होती आणि सातशेहून अधिक जणांना लागण झाली. सुखवस्तू प्रवाशांना किनारा दिसत असून न उतरण्याचा अनुभव पहिल्यांदाच आला. तिथेही डेकचा जुना भेद होताच. प्रवासी खोलीत बंद आणि त्यांना ताटे पोचवणारे कर्मचारी, ज्यांत भारतीयही बरेच होते, खालच्या मजल्यावर दाटीवाटीने राहत कामावर हजर.

मुघल लाईन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९९५ मध्ये मुंबईहून हजला जाणारे जहाज बंद झाले. आता हाजी काही तासांत जिद्द्याला उतरतो. त्रास वाचला, बायाबापड्यांचे, म्हाताऱ्यांचे हाल वाचले, हे चांगलेच झाले. जुन्या हालांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या मुक्कामाची आठवण मात्र आपण जपली नाही.

सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले जगणे आपल्या भाषेत, म्हणजे मराठीत मांडायचे, हा त्यामागचा आग्रह होता. त्या आग्रहात हे जहाजही यायला हवे. कामरानच्या नोंदी इंग्रज आणि तुर्क अधिकाऱ्यांनी ठेवल्या. त्यांत हाजी म्हणजे आकडा आहे, रोगी आहे, नाहीतर तक्रारखोर आहे. डेकवर बसून त्याने काय पाहिले, कोणासाठी रडला, किब्ला फिरल्यावर त्याला काय वाटले, हे त्यांत नाही. ते फक्त घराघरांत आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, बार्शी इथे जहाजाने हज केलेली माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्यापाशी बसावे, विचारावे आणि लिहून ठेवावे.

मी आजोबांना विचारले नाही. त्यांचे ते एक वाक्य ऐकून आम्ही हसलो आणि खेळायला पळालो. पेटी अजून आहे. तिच्या झाकणावर रंगाने लिहिलेली अक्षरे पुसट झाली आहेत. 'बंबई' आणि 'जिद्दा' एवढे दोनच शब्द वाचता येतात. मधल्या समुद्राबद्दल पेटी काही सांगत नाही.