हातकडी आणि एक तार

अटकेंतील मनुष्य पळूं नये याला जेवढें बंधन लागेल तेवढेंच घालावें, अधिक नाहीं, असें कलम १८९८ च्या फौजदारी कायद्यांतच होतें. १९७३ च्या कायद्यांतही तें राहिलें. व्यवहारांत मात्र हातकडी ही पहारेकऱ्याची सोय होऊन बसली.

तिहार तुरुंगांतील एका कच्च्या कैद्यानें सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस तार केली कीं, कोर्टांत नेतांना मला बेड्या घालतात. त्या तारेलाच अर्ज मानण्यांत आलें. पोलिसांच्या नियमांत मोठी मौज होती : 'वरच्या' वर्गाच्या कैद्यास सहसा हातकडी नाहीं, सामान्यास मात्र हवी. जणूं शिकल्यासवरल्याला पळतांच येत नाहीं! न्या. कृष्ण अय्यर यांनीं २९ एप्रिल १९८० रोजीं हा भेद मोडून काढला. पळून जाण्याचा खरोखर धोका असेल, दुसरा उपाय नसेल, तरच बेडी; आणि तिचें कारण त्याच वेळीं लिहून न्यायाधीशास दाखवावयाचें. जादा शिपाई देण्यास खर्च येतो, ही सबब चालली नाहीं.

तरीही गुवाहाटीच्या रुग्णालयांत खाटेस जखडलेल्या स्थानबद्धांसाठीं कुलदीप नय्यर यांना त्याच न्यायालयास पत्र लिहावें लागलें. यापुढें दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून कैद्यास बेडी नाहीं, असें १९९५ सालीं ठरलें.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें सराईत गुन्हेगार, कोठडींतून पळालेले, खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांतील आरोपी यांना हातकडी घालण्याची मुभा पोलिसांस दिली आहे. तें कलम ४३. जरुरीपुरत्या बंधनाचें जुनें कलमही त्याच संहितेंत, तीन आंकडे पुढें, ४६ व्या क्रमांकावर आहे.