चिवळ

चिवळ म्हणजे घोळीची धाकटी बहीण. आमच्याकडं कुणी चिघळही म्हणतं. सेनगाव, औंढ्याकडच्या मुरमाड माळावर, खडकाच्या फटीत, जिथं गवतही धड येत नाही तिथं ही जमिनीला चिकटून पसरती. पान बारीक, पण रसानं भरलेलं. ऊन चढलं की इवलंसं पिवळं फूल उघडतं आणि पुढं मिटून जातं. पेऱ्यापेऱ्याला मुळं धरती, म्हणून तुडवली तरी मरत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमचा हिंगोली जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. तवा आम्ही परभणीत होतो. रानात पीक नव्हतं. बाया-माणसं खडी फोडायला, तलावाच्या मातीकामाला जायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, लेकरांना सुकडी. पण भाकरीसंगं कोरड्यास काय? डाळ घेण्याची ऐपत नव्हती.

एखादी सर पडून गेली की माळावर चिवळ दिसायची. दिवसभर खडी फोडून परतताना माय पदरात खुडून आणायची. मूळ उपटायची नाही, वरचा शेंडाच घ्यायची. रेती दाताखाली येऊ नये म्हणून चार-पाच पाण्यानं धुवायची. मीठ-मिरची टाकून शिजवायची, वर मूठभर पीठ पेरायची. आंबूस चवीवर मिलोची भाकरी उतरायची.

पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्यावर पुस्तकं निघाली, ते बरंच झालं. मस्टरवर माणसं लागली, खडीची मापं लागली. बायांनी संध्याकाळी खुडलेली भाजी मात्र कुठंच लागली नाही. त्या कामाला हजेरी नव्हती न् मजुरीबी नव्हती. गायरान, पडीक माळ न् धुरा मोकळा होता, म्हणून भूमिहीनाच्या चुलीवरही ती शिजली.

आता सोयाबीन पार धुऱ्याला भिडलं. तणनाशकाच्या फवाऱ्यात चिवळ, घोळ, तांदुळजा सगळंच तण ठरतं. निंदणाला मजूर मिळत नाही, म्हणून शेतकरी फवारतो. त्याचीही अडचण खरीच. पण धुऱ्यावर पीक नसतं, तिथं फवारा कशाला? आमचा धुरा मी तसाच ठेवतो. पाऊस पडल्यावर कामाला आलेल्या बाया विचारतात, "दादा, खुडू का?"

"खुडा, पण मूळ ठेवा," एवढंच सांगतो.