नैराश्य आणि आत्महत्येचा धोका : समाजसेवक एवढे प्रश्न का विचारतात?

रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक किंवा संस्थेतील समाजसेवक उपचारांचा खर्च, कर्ज, घरातील मारहाण, व्यसन अशा अडचणींत मदत करतात. बोलता बोलता ते झोप, भूक आणि ‘जगणे नकोसे वाटते का?’ हेही विचारतात. ‘आम्ही पैशांच्या मदतीसाठी आलो, हे कशाला?’ असे घरच्यांना वाटते. पण अशा अडचणींच्या मागे नैराश्य दडलेले असू शकते, म्हणून ही विचारपूस आवश्यक आहे.

नैराश्य कसे तपासतात?
पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरली जाते. मागील दोन आठवड्यांत उदासपणा, कशातच मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, स्वतःला कमी लेखणे असे त्रास किती दिवस झाले, त्यानुसार प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण देतात. एकूण २७ गुणांपैकी १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी. २० किंवा अधिक गुण आल्यास त्रास तीव्र समजतात. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. थायरॉइडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे निदान डॉक्टरच करतात. आपल्याकडे अनेकजण ‘उदास आहे’ असे न म्हणता ‘अंग दुखते, जीव घाबरतो’ एवढेच सांगतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

धोका कसा ठरवतात?
नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. एकूण गुण कमी असले तरी त्याचे उत्तर ‘हो’कडे झुकले, तर पुढील गोष्टी विचारतात :
• विचार किती वेळा येतात? काही ठरवले आहे का?
• पूर्वी असा प्रयत्न झाला होता का? (हा महत्त्वाचा धोका आहे.)
• दारू, एकटेपणा, नुकताच बसलेला धक्का?
• आधार कोणाचा? मुले, मित्र, श्रद्धा?

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मोकळेपणी विचारल्याने मन हलके होते. बोलणे गुप्त ठेवले जाते; मात्र जिवाला धोका असल्यास घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे लागते.

घरच्यांनी काय करावे?
• ‘मी ओझे झालोय’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरव करणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नका.
• उपदेश न करता ऐका. ‘असे बोलू नकोस’ म्हणून गप्प करू नका.
• धोका वाटल्यास एकटे सोडू नका. फवारणीची औषधे आणि घरातील गोळ्या कुलपात ठेवा.
• नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात, विशेषतः तरुण रुग्णांवर, अधिक लक्ष ठेवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

पोलीस केसच्या भीतीने उपचार टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आहे.

मदत कुठे मिळेल?
टेली-मानस : १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही). तातडीची वेळ असल्यास ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. नैराश्य हा आजार आहे आणि उपचारांनी तो बरा होतो.