बायबलचा भाषिक अर्थनिर्णय

बायबलच्या मूळ भाषा व हस्तलिखितांतील पाठ यांच्या आधारे त्यातील वचनांचा अर्थ ठरविण्याची अभ्यासपद्धती. जुना करार मुख्यत्वे हिब्रू व अल्पांशाने ॲरेमाइक, तर नवा करार ग्रीक भाषेत आहे. पश्चिम यूरोपने मात्र सुमारे हजार वर्षे हा ग्रंथ लॅटिनमधून वाचला. परिणामी भाषांतरातील एकेका शब्दावर धर्माचार आधारलेला असे.

प्राचीन हिब्रू लेखनात प्रायः व्यंजनेच लिहीत. स्वरचिन्हे मॅसोरेट पंडितांनी पुष्कळ नंतर रूढ केली. ‘केरेन’ म्हणजे शिंग. ‘निर्गम’ ३४ : २९ मध्ये याच तीन व्यंजनांचे ‘कारन’ हे क्रियापद आले असून, सिनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेचा चेहरा झळकत होता, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. सेंट जेरोमने (सु. ३४७–४२०) तेथे ‘शिंगे असलेला’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजिला. मायकेलअँजेलोच्या रोम येथील मोशेच्या पुतळ्याला शिंगे आहेत ती यामुळे. तथापि हे जेरोमचे निव्वळ अज्ञान मानणे अन्यायाचे होईल. तो ज्यू शिक्षकांकडून हिब्रू शिकला होता आणि ग्रीक भाषांतरातील ‘गौरवान्वित’ हा पर्यायही त्याला ठाऊक होता.

लोरेन्झो व्हाला (१४०७–५७) याने लॅटिन नवा करार ग्रीक हस्तलिखितांशी ताडून पाहिला. त्याची टिपणे इरॅस्मसला (सु. १४६६–१५३६) सापडली व त्याने ती १५०५ मध्ये प्रसिद्ध केली. इरॅस्मसची स्वतःची ग्रीक संहिता १५१६ मध्ये बाझेल येथे निघाली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘मेटानोएइते’ या आज्ञेचे रूढ लॅटिन भाषांतर ‘प्रायश्चित्त करा’ असेही समजले जाई व त्यावरून धर्मगुरूने सांगितलेल्या प्रायश्चित्तविधीला शास्त्राधार मिळे. ग्रीक शब्दाचा रोख मनःपरिवर्तनाकडे आहे. पापमुक्तिपत्रांच्या विक्रीवर आघात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या पंचाण्णव सिद्धांतांपैकी (१५१७) पहिलाच या वचनावर आहे. मराठीत रूढ झालेला ‘पश्चात्ताप’ हा शब्दही खेदाकडे अधिक झुकतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

इरॅस्मसची संहिता निर्दोष नव्हती. त्याला मिळालेली हस्तलिखिते थोडी व उत्तरकालीन होती. ‘प्रकटीकरणा’च्या अखेरच्या ओळी नसल्यामुळे त्याने त्या लॅटिनवरून ग्रीकमध्ये रचल्या. योहानाच्या पहिल्या पत्रातील स्वर्गीय त्रयीविषयीचे वाक्य ग्रीक पाठात न आढळल्यामुळे त्याने पहिल्या दोन आवृत्त्यांत गाळले. त्यावर मोठा गहजब झाला व १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. हे वाक्य मागाहून घुसलेले आहे, असे आधुनिक पाठचिकित्सक मानतात.

ईजिप्तमधील पपायरसांच्या आधारे आडोल्फ डाइसमान (१८६६–१९३७) याने नव्या कराराची ग्रीक ही तत्कालीन बोलव्यवहाराची भाषा असल्याचे दाखविले. १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांमुळे हिब्रू पाठाचा पुरावा सुमारे हजार वर्षे मागे गेला.

मराठीत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा भाषेत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते केडगावच्या मुक्ती मिशनने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध केले.