ब्रेक्झिटला बाहेरून टाळ्या: कोणी वाजवल्या, आणि बिल कोणी भरलं?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. आजचा प्रश्न साधा आहे. एखादा देश व्यापारी गटातून बाहेर पडतो, तेव्हा परदेशी नेते त्याची पाठ का थोपटतात? आणि ती शाबासकी पुढे कामाला येते का?

उदाहरण घेऊया ब्रिटनचं. १९६३ आणि १९६७ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी ब्रिटनला दारातूनच परत पाठवलं होतं. शेवटी १९७३ मध्ये ब्रिटनला युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटीत, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपात, प्रवेश मिळाला. हा गट आतून कसा चालतो ते आधी बघू, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

एक हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. आतल्या आत या विंगमधून त्या विंगमध्ये सामान न्यायला कुणी अडवत नाही. पण मेन गेटवर बाहेरच्यांसाठी नियम एकच, सगळ्या फ्लॅट्सना सारखा. तुम्ही परस्पर वॉचमनशी वेगळं सेटिंग लावू शकत नाही. कस्टम्स युनियन म्हणजे हेच. आयात शुल्क गट ठरवतो आणि बाहेरच्या देशांशी व्यापार करारही गटच करतो. ‘आम्हाला आमचे करार स्वतः करू द्या’ हा ब्रेक्झिटवाल्यांचा एक मोठा मुद्दा होता. स्थलांतर आणि सार्वभौमत्व हे मुद्देही होतेच, पण आपण आज व्यापारावरच थांबू.

आता एप्रिल २०१६. सार्वमताला दोन महिने बाकी. बराक ओबामा लंडनमध्ये आले आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या शेजारी उभं राहून म्हणाले की, बाहेर पडलात तर अमेरिकेशी करार करायला रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. अमेरिकन माणूस रांगेला ‘लाइन’ म्हणतो, ओबामा मात्र ब्रिटिशांसारखं ‘क्यू’ म्हणाले. मग काय, ‘हे वाक्य कॅमेरॉनच्या ऑफिसातून आलंय’ असा संशय विरोधकांनी लगेच घेतला.

ओबामा एकटे नव्हते. चीनचे शी जिनपिंग आणि जपानचे शिंजो आबे यांनाही ब्रिटन आतच हवा होता. आपले पंतप्रधान मोदी नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये म्हणाले होते की, भारतासाठी युरोपियन युनियनचं प्रवेशद्वार म्हणजे ब्रिटन. गंमत म्हणजे, ब्रुसेल्सशी सतत भांडणाऱ्या हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान यांनीसुद्धा सार्वमताच्या तोंडावर ब्रिटिश पेपरात ‘आमच्यासोबत राहा’ अशा अर्थाची जाहिरात दिली.

मग टाळ्या कोण वाजवत होतं? डोनाल्ड ट्रम्प, जे तेव्हा अजून उमेदवारच होते. फ्रान्सच्या मरीन ल पेन. नेदरलँड्सचे खेर्ट विल्डर्स. २३ जूनला मतदान झालं, ५१.९ टक्के लोकांनी ‘बाहेर’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प स्कॉटलंडमध्ये आपल्या टर्नबेरी गोल्फ कोर्सवर होते. ब्रिटिशांनी आपला देश परत मिळवला, असं त्यांनी कौतुक केलं. ज्या भूमीवर उभे होते, त्या स्कॉटलंडने मात्र ६२ टक्के मतं ‘आत राहू’ला दिली होती!

या टाळ्या ब्रिटनसाठी कमी आणि स्वतःच्या प्रेक्षकांसाठी जास्त होत्या. ट्रम्पना अमेरिकेत, ल पेन यांना फ्रान्समध्ये निवडणूक लढवायची होती. ‘बघा, सामान्य माणूस प्रस्थापितांना हरवू शकतो’ हा मेसेज त्यांना घरी विकायचा होता. आत राहायला सांगणाऱ्यांचंही तेच. जपानी कंपन्यांचे कारखाने ब्रिटनमध्ये होते आणि तिथून गाड्या युरोपात जात होत्या. दोन्ही बाजूंना स्वार्थ होता. फरक इतकाच की जपानचा स्वार्थ हिशेबात मांडता येत होता.

आता बिल बघू. ट्रम्प यांनी मोठ्या कराराचं आश्वासन दिलं. पण जुलै २०१८ मध्ये तेच म्हणाले की, थेरेसा मे यांच्या योजनेमुळे करार बहुधा मरेल. अमेरिकेत संसदेचीही अडचण होती. आयर्लंडच्या सीमेवरची १९९८ची शांतता धोक्यात आली तर करार नाही, असं सभापती नॅन्सी पेलोसी यांनी स्पष्ट सांगितलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, मेमध्ये अमेरिकेशी बोलणी सुरू झाली. ट्रम्प यांची पहिली टर्म संपली, करार झाला नाही.

मे २०२५ मध्ये एक मर्यादित समझोता झाला. वर्षाला १ लाख ब्रिटिश गाड्यांवरचं अमेरिकी शुल्क २७.५ वरून १० टक्क्यांवर आलं. पंतप्रधान स्टार्मर यांनी ते जाहीर केलं सोलिहलच्या जग्वार लँड रोव्हर कारखान्यातून. हो, तीच कंपनी जी आपल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतली. पण बहुतेक ब्रिटिश मालावर १० टक्के कर तसाच राहिला. २०१६ मध्ये तो नव्हता. तरी हेही खरं की, ट्रम्प यांनी युरोपियन युनियनवर त्याहून जास्त लावला.

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट ब्रेक्झिटचे जाहीर समर्थक झाले आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळाचे सल्लागारही. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला. २०२२ मध्ये ब्रिटनचेच माजी शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस संसदेत म्हणाले की, तो आपल्यासाठी फारसा चांगला करार नव्हता. आणि ल पेन? २०१९ पर्यंत त्यांच्या पक्षाने युरोपियन युनियन सोडण्याची मागणीच गुंडाळून ठेवली.

उलट ज्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्या भारताने जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार केला. स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. परिस्थिती बदलली, आपला हिशेब बदलला.

आपल्यातले बरेच जण परदेशी क्लायंटसाठी काम करतात, काही जण शिकायला तिकडे जातात. अशा निर्णयांचा परिणाम आपल्या नोकरीवर आणि व्हिसावर होतो. म्हणून पुढच्या वेळी कुठला परदेशी नेता कुठल्या देशाची पाठ थोपटताना रीलमध्ये दिसला, तर त्याच्या घरी निवडणूक कधी आहे आणि त्याने सही कशावर केलीय, एवढं बघा. निर्णय चूक की बरोबर हे ब्रिटिश मतदार ठरवतील, तो त्यांचा हक्क आहे. पण भाषण करणारा निघून जातो, शुल्क मात्र रोज भरावं लागतं.

तुमचं मत वेगळं असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!