टर्बो मोटारीला दणकट गिअरबॉक्स : बदलण्यापूर्वी काय पाहावे?

पुणे - रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. १.४ लिटरच्या चार सिलिंडर टर्बो इंजिनातून तिला १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो. युरोपात याच घराण्याचे इंजिन असलेल्या ग्रांदे पुंटो अबार्थला सहा गिअरचा 'एम ३२' गिअरबॉक्स होता. भारतीय मोटारीला मात्र पाच गिअरचा देण्यात आला. फियाट मोटारींची विक्री येथे थांबली असली, तरी हौशी मालक इंजिनाची ताकद वाढवून घेतात आणि मग दणकट गिअरबॉक्सचा विचार सुरू होतो.

अश्वशक्ती नव्हे, टॉर्क
गिअरबॉक्सवरील ताण टॉर्कवर अवलंबून असतो. संगणकीय नियंत्रणात फेरफार करून टर्बोचा दाब वाढविला, की मधल्या वेगावर टॉर्क एकदम चढतो. त्यामुळे दातेरी चाके एकमेकांना दूर लोटतात, शाफ्ट किंचित वाकतात आणि बेअरिंग झिजतात. पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर १४ धरल्यास इंजिनाचा २०० न्यूटन मीटर टॉर्क चाकांपर्यंत सुमारे २,८०० होतो. म्हणूनच जागेवरून झटक्याने गाडी काढणे सर्वांत घातक ठरते.

आधी क्लच तपासा
वाढीव टॉर्कपुढे बहुधा क्लच प्रथम हार मानतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढले, पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. तेथे गिअरबॉक्स बदलून उपयोग नाही.

एकट्या गिअरबॉक्सने भागत नाही
इंजिनाला जोडणारे कवच, क्लच प्लेट, फ्लायव्हील, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग आणि गिअर बदलण्याच्या केबल या सर्वांचा मेळ बसावा लागतो. म्हणून सुटा गिअरबॉक्स घेण्यापेक्षा एकाच मोटारीचा पूर्ण संच घेणे श्रेयस्कर. 'एम ३२' ची क्षमता ३२० न्यूटन मीटर असली, तरी त्याची बेअरिंग झिजण्याची तक्रार जगभर परिचित आहे. ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना गिअरचा दांडा पुढे-मागे हलत असेल, तर असा जुना गिअरबॉक्स उघडून तपासल्याशिवाय बसवू नये.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे (आरटीओ) लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

स्वस्त पर्याय
रोजच्या वापराच्या मोटारीत खालच्या गिअरमध्ये टर्बोचा दाब मर्यादित ठेवणे, गिअर ऑइल वेळेवर बदलणे आणि योग्य क्षमतेचा क्लच बसविणे, एवढ्याने मूळ गिअरबॉक्सचे आयुष्य पुष्कळ वाढते. एवढे करूनही गिअर तुटत असतील, तरच बदलाचा विचार करावा.